कार्यानुभवाचा तास
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपला कार्यानुभवाचा तास आठवतोय? दहावीत तो गणिताला गेला आणि कुणी तक्रार केली नाही. मी तर खूशच झाले. वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी १९३७ साली हातकामातून शिक्षण मांडलं, कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात कार्यानुभव सुचवला, हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका मित्राचा फोन आला. (त्याला विचारूनच सांगतेय.) त्याच्या मुलीने दहावीनंतर आयटीआय केलं, मग डिप्लोमा, मग दोन वर्षं एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम. तिने आमच्याकडे अर्ज केला आणि दहा मिनिटांत नकार आला. "बघ ना जरा, काय चुकलं," एवढंच तो म्हणाला.

मी पाहिलं. तिचा अर्ज कुणी वाचलाच नव्हता. पदवीचा रकाना रिकामा होता म्हणून अर्ज छाननारा प्रोग्रॅम तो बाजूला टाकून मोकळा झाला होता. आणि ती अट मीच लिहिलेली होती. अर्जांचा ढीग कमी व्हावा म्हणून, एका ओळीत.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक आकडा आहे: १९ ते २४ वयोगटात औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले आपल्याकडे ५ टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. कारणही तिथेच दिलंय. असं शिक्षण म्हणजे अभ्यास न झेपणाऱ्यांसाठी, अशी आपली समजूत. दुसरीकडे, बेरोजगारीचं प्रमाण निरक्षरांपेक्षा पदवीधरांत जास्त, असं सरकारचीच श्रमशक्ती पाहणी सांगते. म्हणजे पदवीच्या रांगेत गर्दी, आणि हातात काम असलेल्याला दार बंद.

२०१५पासून कौशल्य विकासाच्या मोठ्या योजना आल्या. पण नोकरी देणारा प्रमाणपत्राकडे बघणारच नसेल, तर ते मिळून काय उपयोग? जर्मनीत शिकाऊ मुलं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीतच शिकतात. त्यामुळे त्यांचं काम मालकाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आमच्याकडची ती अट काढायला मला चार महिने भांडावं लागलं. आता आधी एक छोटं काम करून दाखवायला देतो. मित्राची मुलगी मात्र तोवर दुसरीकडे लागली. तोटा आमचाच झाला.

आता एक मागणं. इथे अनेकांचे कारखाने आहेत, वर्कशॉप आहेत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१पासून आहे, विद्यावेतनातला काही वाटा सरकार उचलतं. प्रत्येकाने एक-दोन मुलं घ्या. नव्या धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकायला. आपल्या शाळेतल्या मुलांना त्या दिवसांत तुमच्या दारात उभं राहू द्या.

आणि सर, बाई, तुम्हाला एकच विनंती. कार्यानुभवाचा तास गणिताला देऊ नका. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी तुमची विद्यार्थिनीच हे सांगते आहे.