केस कोणाची?

(वऱ्हाडातल्या महिला मंडळांच्या आणि सल्ला केंद्रांच्या कार्यकर्त्यांचे अमरावतीला शिबिर झाले. तेथे केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘समुपदेशनाची भाषा’ असा छापलाय. एवढं मोठं मला काही बोलता येणार नाही. मी एकाच शब्दावर बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या वऱ्हाडात शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही तो येतो. सकाळपासून या हॉलमध्ये तो किती वेळा आला, हे मी मागे बसून वहीत काड्या मारून मोजत होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकसष्ट काड्या झाल्या. त्यातल्या चार माझ्याच होत्या. तो शब्द म्हणजे ‘केस’.

डोक्यावरचे केस नव्हेत. त्यांच्यावरूनही बाईला कमी ऐकावं लागत नाही, पण ते पुन्हा कधीतरी.

आधी दवाखान्यात जाऊ. इथे इर्विनला जा, डफरीनला जा, अकोल्याला सर्वोपचारला नाहीतर लेडी हार्डिंगला जा, पहिलं काम केसपेपर काढायचं. तो काढला की आपण केस होतो. डिलिव्हरीची केस, जळीत केस, सिरियस केस. ‘केस नागपूरला पाठवली’ म्हणजे पाठवलेली असते एक जिवंत बाई, पोटात लेकरू असलेली.

मी हा शब्द डिक्शनरीत पाहिला. इंग्रजीत ‘केस’ हे खरं म्हणजे दोन वेगळे शब्द आहेत. एकाचं मूळ लॅटिनमध्ये पेटी असं आहे. सुटकेस, ब्रीफकेस, चष्म्याची केस ही सगळी त्याची लेकरं. म्हणजे बायको सुटकेस घेऊन माहेरी येते आणि वकील ब्रीफकेस घेऊन कोर्टात जातो, ते एकाच शब्दाचे नातेवाईक. दुसऱ्या शब्दाचं, आपल्या कामातल्या केसचं, मूळ आहे ‘पडणे’. वरून येऊन पडलेलं, ओढवलेलं. कॅज्युअल्टी हा शब्दही त्याच मुळाचा.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. कारण कॅज्युअल्टीत आपल्या बायका काय सांगतात? डॉक्टर विचारतात, ‘कसं लागलं?’ शेजारी सासू उभी असते. बाई म्हणते, ‘न्हानीत पडली.’ केसपेपरवर लिहिलं जातं, ‘पडल्याने दुखापत.’ दोन वर्षांनी कोर्टात तोच कागद समोरच्या वकिलाच्या हातात असतो. म्हणून आपल्या प्रत्येकीला हे माहीत हवं, की बाईला दवाखान्यात नेताना तिला डॉक्टरांशी एकटीने बोलता येईल असं बघायचं आणि मारहाण झाली असेल तर एम.एल.सी. करायला सांगायचं. केसपेपरवरची ती एक ओळ पुढे कुठलंही भाषण भरून काढत नाही.

आता पोलीस ठाण्यात. तिथे केस ‘होते’, ‘होत नाही’, ‘बनते’, ‘बनत नाही’. बाई रडत घरी सांगते, ‘केस करून आली.’ तिच्या हातातला कागद बघावा तर तो एन.सी.चा असतो. अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय त्यात तपासच नाही. तिच्या लेखी केस झालेली असते, ठाण्याच्या लेखी नुसती नोंद. खरी केस म्हणजे तोंडी ‘चारशे अठ्ठ्याण्णव’. हे ४९८-अ कलम १९८३ साली आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याची ८५ आणि ८६ अशी दोन कलमं झाली. पण गावात अजून चारशे अठ्ठ्याण्णवच म्हणतात आणि पुढेही म्हणतील.

गावात तर या शब्दाला वेगळीच धार आहे. ‘थ्या घरात केस हाये’ म्हटलं की त्या घरातल्या धाकट्या पोरीचं लग्न अडतं. ‘केस करणारी बाई’ ही शिवीच झालीय. मारणाऱ्याला असं काही नाव नाही. आणि समझोता होऊन ती कोर्टात बोलली नाही, नवरा सुटला, की म्हणायचं, ‘पाहा, खोटी केस होती.’ सुटला म्हणजे खोटी, असा अर्थ कुठल्याच कायद्यात नाही.

सरकारी कामातही केसेस असतात. आमच्या वयाच्या बायकांना आठवत असेल, कुटुंब नियोजनाची टारगेटं होती. नर्सबाई, मास्तर, ग्रामसेवक, सगळ्यांना ऑपरेशनच्या केसेस आणून द्यायच्या असायच्या. एक म्हातारी मला म्हणाली होती, ‘माह्यं आप्रेशन मास्तरच्या नावावर झालं.’ शरीर तिचं, टाके तिला पडले, पण केस मास्तरची. १९९६ साली ही टारगेटं कागदावरून गेली. मोजण्याची सवय गेली नाही. आज आशाताईंना कितीतरी कामांचा मोबदला केसमागेच मिळतो. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही घर चालवायचंय. पण ‘माझी केस’ कोण म्हणतं आणि कोणाबद्दल म्हणतं, याकडे लक्ष ठेवायला हवं.

आणि आत्महत्येची केस. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम या जिल्ह्यांत ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तहसीलमध्ये तिचे दोन प्रकार, पात्र आणि अपात्र. शेती कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचं, वसुलीचा तगादा होता का, हे कागद जुळले तर पात्र. पात्र झाली तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. नवरा गेला त्या आठवड्यात बाई कागद जमवत फिरते. अपात्र ठरली तर गावात म्हणतात, ‘तिची केस अपात्र झाली.’ तिचं दुःखच अपात्र ठरल्यासारखं. आणि शेतात राबणाऱ्या बाईनेच फवाऱ्याचं औषध घेतलं तर? सातबाऱ्यावर तिचं नाव क्वचित असतं. मग तिची नोंद बहुधा गृहिणी म्हणून होते आणि ती शेतकऱ्यांच्या मोजणीत येतच नाही.

तर असा हा शब्द. आता तुम्ही म्हणाल, मग काय करायचं, केसेस करायच्याच नाहीत? तसं मी म्हणत नाही. केस नसती तर कायदा हललाच नसता. २६ मार्च १९७२ ला आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सेशन कोर्टाने त्यांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने १९७८ साली पुन्हा सोडलं. पुढच्या वर्षी चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८० साली देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. आपण सगळ्या तिला ‘मथुरा केस’ म्हणतो. निकालाच्या कागदावर मात्र नाव आहे ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. तिचं नाव तिथे नाहीच. कायदा आपल्या सगळ्यांना मिळाला. तिला काय मिळालं, हे विचारायला आपण किती वर्षं घेतली?

हा प्रश्न आपल्या भागात फार आधी एकीने विचारला होता. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला. फाशी झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर लेख सुरू झाले. तेव्हा आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून छापली. त्या विजयालक्ष्मीला कधी भेटल्या नव्हत्या. पण त्यांनी विचारलं, की ही केस एकट्या बाईची कशी? तिला पुन्हा लग्न करू न देणारे कोण, तिला फसवणारा कोण? ताराबाईंनी आरोपीच्या पिंजऱ्यात पुरुषांना उभं केलं. त्यांचं ते पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा आपल्या हाती आलं.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगण्यासाठीच मी हा विषय घेतलाय.

आमच्या केंद्रात एक मोठं रजिस्टर होतं. रकाने असे: केस क्रमांक, तारीख, नाव, गाव, तक्रारीचा प्रकार, निकाल. निकालाच्या रकान्यात तीनपैकी एक शब्द लिहायचा. मिटली, कोर्टात, चालू. वर्षाच्या शेवटी बेरीज करून अहवाल पाठवायचा. मिटलेल्या जास्त असल्या की आम्हालाही बरं वाटायचं.

एक बाई आली. नवऱ्याची दारू, मारहाण. आम्ही त्याला चिठ्ठी पाठवून बोलावलं, दोघांना समोरासमोर बसवलं, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. मिटली. नऊ महिन्यांनी ती पुन्हा आली. त्या दिवशी दुसरी कार्यकर्ती बसली होती. तिने नवा नंबर टाकला, पुन्हा लिहून घेतलं. मिटली. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा हाताला प्लॅस्टर होतं आणि टेबलाशी मी होते. मी रजिस्टर उघडलं, नव्या ओळीवर नंबर टाकला, तेवढ्यात फोन वाजला. मी फोनवर म्हटलं, ‘मागून करते, एक केस बसलीय समोर.’

फोन ठेवला तेव्हा ती माझ्या वहीकडे बघत होती. सातवीपर्यंत शिकलेली होती.

म्हणाली, ‘ताई, मागच्या खेपेले मी एकशे चवदा होती ना? आन त्याच्या आंधी सत्तर. आता काऊन नवा नंबर टाकून राहिल्या? मी तं थेच हाव. मारनारा बी थोच हाये.’

मी मागची पानं उलटली. खरंच होतं. आमच्या अहवालांत ती एक बाई तीन केसेस होणार होती, आणि त्यातल्या दोन आमच्या यशाच्या. मिटलं होतं ते आमचं काम. तिचं काहीच मिटलं नव्हतं. दोनदा मिटली म्हणून लिहिलं आणि एकदाही तिच्या घरी जाऊन पाहिलं नाही. तो हात मोडण्यात आमच्या रजिस्टरचाही वाटा आहे, असं मी आजही मानते.

मग मी पहिल्यांदा तिला विचारलं, ‘तुला काय हवंय?’ तिसऱ्या खेपेला पहिल्यांदा! ती म्हणाली, ‘मले केस नाई करायची. मले घर पायजे. खोलीचं भाडं मी भरतो, तं मीच काऊन निघू?’

आमच्या रजिस्टरात या म्हणण्याला रकानाच नव्हता. कायद्यात मात्र होता. २६ ऑक्टोबर २००६ पासून घरगुती हिंसाचाराचा कायदा लागू आहे. त्यात बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो, मारणाऱ्याला दूर ठेवण्याचा आदेश मागता येतो. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत आम्ही अर्ज केला. साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. आम्हाला अकरा महिने लागले. ती आज त्याच खोलीत आहे. नवरा अधूनमधून गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. म्हणजे प्रश्न संपला असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि रजिस्टरातही तसं लिहिलेलं नाही.

त्यानंतर आम्ही रजिस्टर बदललं. आता नंबर खेपेला मिळत नाही, बाईला मिळतो. ती दहा वर्षांनी आली तरी तेच पान उघडतं. नावं आणि पत्ते कुलपात असतात, कारण नाव बाहेर फुटलं तर तिलाच भोगावं लागतं. ‘मिटली’ हा शब्द काढून टाकला. तिथे दोन रकाने आले: ‘तिचं म्हणणं, तिच्या शब्दांत’ आणि ‘आपण पुढे कधी भेटायचं’. ज्यांना अहवाल जातो त्यांनी पहिल्या वर्षी विचारलं, तुमच्या केसेस एकदम कमी कशा झाल्या? आम्ही लिहिलं, आम्ही आता बायका मोजतो.

शाळेत इंग्रजी ग्रामरमध्येही केस होती, आठवते? तिथे केस म्हणजे विभक्ती. वाक्यात नाम कुठे उभं आहे ते सांगणारी. ‘तिने केस केली’ या वाक्यात बाई काहीतरी करते आहे. ‘ती केस आहे’ या वाक्यात ती नुसती पडून आहे. शब्द सोडायला मी सांगत नाही, तो सुटणारही नाही. केस तिने करावी, लढावी, वाटलं तर मागे घ्यावी. पण ती केस असू नये, निदान आपल्या तोंडी तरी.

घरी गेल्यावर एवढं करा. गेल्या तीन वर्षांचं रजिस्टर काढा आणि नावं जुळवून बघा, एकेका बाईला किती नंबर मिळालेत. मग ‘मिटली’ लिहिलेल्यांतल्या पाच जणी निवडा आणि तिला त्रास होणार नाही अशा बेताने त्यांना भेटून या. काय दिसलं ते पुढच्या शिबिरात सांगा. मी मागेच बसलेली असेन, काड्या मारत.