वज्रमुष्टी : हात आणि हेतू



विजयादशमीच्या सकाळी म्हैसूरच्या राजवाड्यात एक द्वंद्व होते. त्याचे नाव वज्रमुष्टी काळग; कन्नडमध्ये काळग म्हणजे युद्ध. ते खेळणारे जेट्टी हे वंशपरंपरागत मल्ल. मल्ल या अर्थाचा आपला ‘जेठी’ हा जुना शब्द याच कुळातला. मस्तकाचे मुंडण केलेले हे मल्ल उजव्या मुठीवर टोकदार आयुध धारण करून मातीत उतरतात. एकाच्या मस्तकातून रक्त दिसले की लढत तत्क्षणी थांबते. पुष्कळदा हे सारे एका मिनिटाच्या आत आटोपते.

ज्या मुठीने प्राण घेता येतो, ती पहिल्या थेंबाशी कशी थांबते?

हे थांबणे सहज आलेले नाही. विजयनगरच्या महानवमी उत्सवातील मल्लयुद्धे 16 व्या शतकात डोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने पाहिली. दात पडावेत, डोळे फुटावेत, चेहरे विद्रूप व्हावेत असे ठोसे तेथे बसत, असे तो लिहितो. पुढे 1610 मध्ये राजा वडियार यांनी श्रीरंगपट्टण येथे दसऱ्याची प्रथा सुरू केली. त्याच श्रीरंगपट्टणला 1799 मध्ये अखेरचा वेढा पडला असता टिपू सुलतानाने काही युद्धकैद्यांना जेट्ट्यांकरवी ठार करविले, अशी नोंद इंग्रजी वृत्तांतांत आढळते. हे वृत्तांत शत्रुपक्षाचे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उलट, 1909 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडगर थर्स्टन यांच्या ग्रंथात तेलुगू प्रदेशातील जेट्टी अंग रगडून व लेप लावून दुखणी बरी करणारे म्हणून भेटतात. मानेचा मर्मबिंदू कोठे आहे, हे दोघांनाही ठाऊक असणार. ज्ञान एकच, हेतू मात्र निराळे.

यावरून एक गोष्ट उघड होते. तालीम माणसाला समर्थ करते. सज्जन करीलच असे नाही. म्हणून जुन्या गुरूंनी डावपेचांच्या आधी आदराचा पाठ ठेवला. म्हैसूरच्या गरडीत काय किंवा कोल्हापूरच्या तालमीत काय, मल्ल पादत्राणे बाहेर ठेवतो, माती कपाळी लावतो, वस्तादांच्या पाया पडतो आणि सलामी झडल्यावरच जोडीदाराला भिडतो. हा केवळ उपचार मानला तर त्यात काही उरत नाही. पण रोज शेकडो वेळा वाकलेल्या शरीराला हळूहळू उमजते की, समोरचा माणूस आपला देह विश्वासाने आपल्या हाती देत आहे. त्याने तो दिला नाही, तर शिकणेच अशक्य आहे.

रागाच्या क्षणी विचार करण्यास अवसर नसतो. तेव्हा सवयच हात आवरते. विजयादशमीच्या त्या एका मिनिटात मुठीचे बळ सर्वांनाच दिसते. जाणत्याची दृष्टी मात्र रक्त दिसताच खाली येणाऱ्या हाताकडे असते. वर्षानुवर्षांची साधना तेथे प्रकट होते.