अमेरिका कुठल्या विभागात शिकायची?

'अमेरिकन स्टडीज'ची पदवी घेऊन मुलगी करणार काय, हा प्रश्न तुमच्याही घरात निघेल. आधी ती शिकणार काय, ते पाहू.

लुइझियानातला कापूस घ्या. त्याचा भाव अर्थशास्त्रात. तो वेचायला लावलेल्या सॉलोमन नॉर्थअपचं १८५३चं आत्मकथन साहित्यात. मळ्यांतली गाणी संगीतात. आणि त्याच राज्यातल्या रेल्वेचे काळ्या-गोऱ्यांचे वेगळे डबे वैध ठरवणारा १८९६चा प्लेसी खटला कायद्यात! हे सारं एकाच वर्गात शेजारी मांडलं, की १८६५ साली कायद्याने संपलेली गुलामगिरी पुढे कोणकोणती रूपं घेऊन उरली, ते दिसतं.

आपल्याला हे परकं नाही. हैदराबादेत उस्मानियाच्या आवारात १९६४ साली अमेरिकेच्या अभ्यासाचं संशोधन केंद्र निघालं. त्याच्या कितीतरी आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्यांना. त्यांना कुठला विभाग आडवा आला नाही.

मुलीला एवढंच विचारा: कायद्याचे आणि संगीताचे प्राध्यापक तिथे खरंच एकत्र शिकवतात का? नुसती चार विभागांच्या विषयांची यादी असेल, तर सरळ इतिहास घे म्हणावं.