पदव्युत्तर पदवीचा खर्च आणि अर्थशास्त्राची डॉक्टरेट



अमेरिकेत जाऊन अर्थशास्त्रात पीएच.डी. करण्याची आकांक्षा बाळगणारा विद्यार्थी पहिला सल्ला विचारतो तो आपल्या शिक्षकांना; कर्जाच्या कागदावर सही मात्र त्याच्या वडिलांची असते. म्हणून हा सल्ला जपून दिला गेला पाहिजे.

भारतात एम.ए. झाल्यावर पीएच.डी., हा क्रम रूढ आहे. अमेरिकेतही तोच असेल, अशी समजूत सहज होते. वस्तुतः तेथील बहुतेक अर्थशास्त्र विभाग पदवीधरास थेट डॉक्टरेटसाठी घेतात. प्रमुख विद्यापीठांत अशा विद्यार्थ्याला सामान्यतः शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळते. स्वतंत्र पदव्युत्तर पदवीचा खर्च मात्र बहुधा विद्यार्थ्यालाच सोसावा लागतो. कित्येक खासगी विद्यापीठांत केवळ शिकवणी शुल्कच वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर जाते. राहण्या-जेवण्याचा खर्च निराळा. एवढे करून डॉक्टरेटला प्रवेश मिळालाच, तर सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र व अर्थमिती हे विषय बहुधा पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागतात.

प्रवेश समिती पदव्यांची संख्या मोजत नाही. रेषीय बीजगणित, संभाव्यताशास्त्र व गणिती विश्लेषण यांत अर्जदाराने कोणते गुण मिळविले, हे ती पाहते. आणि त्याचे संशोधन जवळून पाहिलेल्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे वाचते. ‘विद्यार्थी हुशार व मनमिळाऊ आहे’ एवढ्याच मजकुराचे पत्र, मग त्यावर कोणाचाही शिक्का असो, तेथे फारसे उपयोगी पडत नाही.

येथे कालगणनेचा एक पेच आहे. वर्षभराचा अभ्यासक्रम ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतो आणि डॉक्टरेटचे अर्ज साधारणतः डिसेंबरात भरावयाचे असतात. तोवर पहिल्या सत्राचे गुण लागलेले नसतात आणि प्राध्यापकांना विद्यार्थ्याचे नावही धड ठाऊक झालेले नसते. म्हणजे शुल्क भरले जाते, परंतु ज्यासाठी ते भरले ते अर्जात येतच नाही. विद्यार्थी मग आणखी एक वर्ष थांबतो आणि कर्जावरील व्याज चालू राहते.

तथापि, अशी पदवी सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे नव्हे. ज्याने बी.ए.ला गणित घेतलेच नाही, त्याला दोन वर्षांच्या, डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांबरोबर बसू देणाऱ्या अभ्यासक्रमाचा खरा लाभ होतो. युरोपातील अनेक विद्यापीठांत तर पदव्युत्तर पदवीवाचून डॉक्टरेटचे दारच उघडत नाही. मात्र जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क जवळजवळ नसते.

स्वदेशातील मार्गही डोळ्यांआड करू नये. मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी यांनी १९८३ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून एम.ए. केले, १९८८ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळविली आणि २०१९ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या परिमाणात्मक अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तर विद्यार्थ्यालाच विद्यावेतन मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती पदव्युत्तर शिक्षणासाठी तशीच पीएच.डी.साठीही मिळते.

एवढ्यावरही परदेशी पदवीसाठी पैसे भरावयाचेच ठरले, तर विद्यार्थ्याने आधी त्या विभागाला पत्र लिहून विचारावे की, गेल्या काही वर्षांत येथून किती जण डॉक्टरेटला गेले आणि कोठे गेले. उत्तरात नावांऐवजी नुसते रंगीत माहितीपत्रक आले, तर बँकेत जाण्याची घाई करू नये.