प्लगची गाडी आणि आपला ट्रान्स्फॉर्मर

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या एका सभासदांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला होता ‘विजेवरची वाहने आणि पर्यावरण’. शीर्षक एवढं मोठं आहे की त्यात काहीही मावेल. पण मी नोकरीची सगळी वर्षं वीज वितरणात काढली, त्यामुळे पर्यावरण म्हटलं तरी माझी नजर आधी फाटकाशेजारच्या ट्रान्स्फॉर्मरकडे जाते. शिवाय येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगमध्ये चार्जर बसवू द्यायचे की नाही, यावर मतदान आहे. तेव्हा आज त्याबद्दलच बोलतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. परवा लिफ्टमध्ये दोघांचा वाद चालला होता, ‘हायब्रिड घेतली तर चार्जिंग लागतं का?’ तर तीन प्रकार आहेत. पहिली साधी हायब्रिड. तिच्यात छोटी बॅटरी असते, ती ब्रेक मारताना आणि इंजिनावर चार्ज होते. तिला प्लग नसतोच, सगळी ताकद शेवटी पेट्रोलमधूनच येते. आपल्या रस्त्यावर हायब्रिड म्हणून दिसतात त्या बहुतेक ह्याच. दुसरी प्लग-इन हायब्रिड. हिची बॅटरी मोठी. घरी प्लगला लावली की पहिले 40-60 किलोमीटर विजेवर, पुढे पेट्रोलवर. आपल्याकडे ही फार थोडी आणि महाग, चीन आणि युरोपात मात्र भरपूर. तिसरी पूर्ण विजेची. ग्रिडच्या, म्हणजे वीजजाळ्याच्या दृष्टीने दुसरी आणि तिसरी सारख्याच, कारण दोघींना प्लग आहे.

प्लग-इन हायब्रिडची एक गोष्ट सांगतो, ती युरोपातली आहे. तिथं या गाड्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत फार स्वच्छ ठरायच्या. चाचणीत असं धरलेलं असतं की मालक गाडी नेमाने चार्ज करतो आणि बरंचसं अंतर विजेवरच कापतो. पुढे गाड्यांमध्येच इंधन मोजणारी यंत्रणा आली आणि खरे आकडे गोळा झाले. युरोपियन आयोगाने 2024 मध्ये ते जाहीर केले. रस्त्यावर या गाड्यांमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड चाचणीतल्या आकड्याच्या साडेतीन पट! साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये हाच फरक साधारण 20 टक्के होता. गाडी तीच, बॅटरी तीच. लोक प्लगच लावत नव्हते. बऱ्याच गाड्या कंपनीने दिलेल्या, पेट्रोलचं कार्डही कंपनीचं, आणि घरी चार्ज केलं तर वीजबिल मात्र स्वतःचं. मग कोण कशाला प्लग लावेल? आपणही लावला नसता.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. शोरूममध्ये गाडीच्या काचेवर जो आकडा चिकटवलेला असतो, त्याचं पुढे काय होणार हे प्लग लावणाऱ्याच्या हातात असतं. पूर्ण विजेच्या गाडीला प्लग लावावाच लागतो, तो प्रश्न नाही. तिथं प्रश्न असतो, कधी लावायचा?

आता आपल्या आवाराकडे येऊ. आपले 64 फ्लॅट. आज विजेच्या सहा गाड्या आहेत आणि अकरा स्कूटर. गाड्या लवकरच वीस होतील असं धरू. एक गाडी शहरात रोज सरासरी 40 किलोमीटर चालली, तर तिला भिंतीतल्या पॉइंटवर मोजून साधारण सात युनिटं लागतात. वीस गाड्यांची 140 युनिटं. हा आकडा लक्षात ठेवा.

समजा सगळ्यांनी 7 किलोवॅटचे मोठे चार्जर बसवले. ऑफिसातून आठ-साडेआठला आले, प्लग लावला आणि वर जेवायला गेले. त्या तासाला वीस गाणिले सात, म्हणजे 140 किलोवॅटचा भार एकदम येणार. आपला ट्रान्स्फॉर्मर, महावितरणच्या भाषेत रोहित्र, 315 केव्हीएचं आहे आणि ते आपण शेजारच्या सोसायटीबरोबर वाटून घेतो. गेल्या मे महिन्यात आपल्या वायरमनला घेऊन रात्री टाँग टेस्टर लावून पाहिलं, तर एसी सुरू झाल्यावर भार 220 च्या आसपास होता. किलोवॅट आणि केव्हीएतला फरक आज सोडून देऊ. 220 मध्ये 140 मिळवले की काय होतं, ते पाचवीतल्या मुलालाही सांगता येईल.

आता तीच 140 युनिटं वेगळ्या तऱ्हेने घेऊन पाहा. चार्जर 3.3 किलोवॅटचे, म्हणजे मोठ्या गिझरपेक्षा थोडे जास्त. रात्री 12 ते सकाळी 6 या वेळात सात-सात गाड्यांच्या तीन पाळ्या. प्रत्येकीला दोन तासांच्या वर थोडा वेळ पुरतो. एका वेळचा भार फक्त 23 किलोवॅट, आणि तोही एसी हळूहळू बंद होत असताना. सकाळी गाड्या भरलेल्याच. रोहित्राला पत्ताही लागत नाही.

रोहित्राबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्याच्या आत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वेटोळी असतात, त्यांना कागद गुंडाळलेला असतो आणि सगळं तेलात बुडालेलं असतं. रोहित्राचं आयुष्य म्हणजे या कागदाचं आयुष्य. मर्यादेपुढे तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की कागद जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो. दिवसभर आणि संध्याकाळी तापलेलं रोहित्र रात्री थोडं निवतं, ती त्याची विश्रांती. म्हणून एकदम भार टाकणं वाईट, आणि रात्रभर पूर्ण भार ठेवणंही वाईट. 23 किलोवॅटचं काही वाटणार नाही.

इथवर सगळं सरळ आहे. रात्री बाराला लावा, झालं. पण धुराचा हिशेब मांडला की गणित थोडं फिरतं, आणि ते मला तुमच्यापासून लपवायचं नाही.

आपल्या प्लगमधली वीज कुठून येते? 31 डिसेंबर 2013 पासून देशाचं सगळं वीजजाळं एकत्र जोडलेलं आहे. त्यात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळचा कोळसाही आहे, कोयनेचं पाणीही आहे आणि राजस्थानातलं ऊनही आहे. सरासरी काढली तर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. वाटेतली गळती धरली की आपल्या पॉइंटपाशी साधारण 0.85. गाडी एका युनिटमध्ये सहा किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला 140 ग्रॅम.

एक लिटर पेट्रोल जाळलं की 2.3 किलो निघतो. ते काढायला, शुद्ध करायला आणि पंपापर्यंत आणायला लागलेलं धरून 2.75 म्हणू. लिटरला 15 जाणारी गाडी किलोमीटरला 185 ग्रॅम सोडते. आणि बिनप्लगची चांगली हायब्रिड, जी शहरात 21 देते, ती 130. हो, विजेच्या गाडीच्या सरासरीपेक्षा थोडी कमीच! विजेची गाडी घेतलेल्यांनी माझ्याकडे असं पाहू नये. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा बरोबर आहे.

यात खरी मेख ‘सरासरी’ या शब्दात आहे. मध्यरात्री सूर्य नसतो. त्या वेळी तुम्ही जास्तीचं एक युनिट मागितलं तर ते बहुतेक वेळा कोळशातूनच येतं, आणि कोळशाच्या युनिटमागे एक किलोच्या आसपास निघतो. म्हणजे गळती धरून गाडीचे किलोमीटरला 190 ग्रॅम. पेट्रोलच्या गाडीइतकेच! आपल्या मुलांच्या नाकाशी धूर नाही हा फायदा मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण तेवढा धूर चंद्रपूरच्या माणसाच्या वाट्याला गेला, हेही खरं. बॅटरी बनवताना जो निघतो तो आणखी वेगळा.

दुपारी उलटं चित्र असतं. सौर वीज भरपूर येते, तिला जागा द्यायला कोळशाचे संच 55 टक्क्यांपर्यंत खाली आणतात. त्याच्याखाली आणणं त्यांना जड जातं, बॉयलर काही पंखा नाही की रेग्युलेटर फिरवला आणि कमी झाला. मग कधीकधी तयार होणारी सौर वीजच थांबवावी लागते. अशा वेळी गाडी प्लगला असेल तर ती जवळजवळ उन्हावर चालते. सूर्य मावळला की हे सगळं दोन तासांत उलटतं. सौर वीज शून्यावर, घराघरांत दिवे, टीव्ही, एसी. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा ही जाळ्याची सगळ्यात ओढाताणीची वेळ. म्हणून माझं म्हणणं असं: पहिली पसंती सकाळी 9 ते संध्याकाळी 5, दुसरी मध्यरात्रीनंतर. आणि संध्याकाळी सहा ते अकरा अजिबात नाही.

सरकारही तिकडेच ढकलतंय. जून 2023 मध्ये केंद्राने नियम बदलले, त्यात दिवसाच्या आठ सौर तासांचा दर 10 ते 20 टक्के कमी आणि गर्दीच्या वेळचा जास्त ठेवायचं धोरण आहे. आपल्याकडे स्मार्ट मीटर असलेल्या घरांना दिवसा सवलत मिळते ती त्यातूनच. (स्मार्ट मीटरवरून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, मी तिकडे जात नाही.)

तुम्ही म्हणाल, दिवसा गाडी ऑफिसात असते. बरोबर आहे. पण आपल्या पार्किंगमध्ये दुपारी दोनला एकदा चक्कर मारा. निम्म्या गाड्या उभ्या असतात. आम्ही निवृत्त मंडळी, घरून काम करणारे, घरातली दुसरी गाडी. सात युनिटं म्हणजे रोजच चार्ज करायला हवं असंही नाही. शनिवारी-रविवारी दुपारी भरून घेतली तरी आठवड्याचं बरंच काम होतं.

स्कूटरचं मात्र वेगळं आहे. ती एका युनिटमध्ये तीस किलोमीटर जाते. मध्यरात्रीच्या कोळशावर चार्ज केली तरी किलोमीटरला 38 ग्रॅम. पेट्रोलची स्कूटर 60 च्या आसपास. तेव्हा स्कूटरवाल्यांनी निर्धास्त राहावं. माझ्या मते आपल्या आवारातली सगळ्यात चांगली वाहनं ती अकरा आहेत, त्यांच्या मालकांना हे कुणी सांगितलेलं नाही एवढंच. फक्त बॅटरी काढून वर नेऊन गादीशेजारी चार्ज करू नये, ही विनंती.

गच्चीबद्दल. टाक्या आणि त्यांची सावली सोडून आपल्याकडे 300 चौरस मीटर मोकळी जागा आहे, तिथं 30 किलोवॅटचे पॅनेल बसतात. एका किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटं धरा, पावसाळ्यात कमी, म्हणजे 120. आपल्या वीस गाड्यांच्या 140 च्या किती जवळ आहे पाहा. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठी, त्यात वाहनांचं चार्जिंगही येतं, किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे. 30 किलोवॅटला 5,40,000.

कुणी विचारेल, गाडीची बॅटरी संध्याकाळी जाळ्याला परत वीज देईल का? तत्त्वतः देईल. घाटघरला हेच करतात, वीज जास्त असते तेव्हा पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून 250 मेगावॅट काढतात. गाडी म्हणजे चाकांवरचं लहानसं घाटघर. पण त्याला वेगळे चार्जर, वेगळे मीटर, वेगळे नियम लागतात. आपण आधी रांगेत प्लग लावायला शिकू.

आता सभेतला ठराव. काहींचं म्हणणं आहे, चार्जर नकोच. नको म्हटलं तर काय होतं ते मी पाहिलंय. खिडकीतून एक्स्टेंशन वायर खाली येते, 16 अँपिअर तासन्‌तास त्या वायरमधून जातो, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि सॉकेट एवढं तापतं की हात लावता येत नाही. आपली मीटर रूम 25 वर्षांची आहे. आग लागली तर ती फ्लॅट नंबर विचारून लागत नाही. त्यापेक्षा सोसायटीने चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घ्यावी. फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीपासून नियमांत त्याची सोय आहे. तिथून पार्किंगमध्ये योग्य जाडीची केबल, प्रत्येकाला स्वतंत्र उपमीटर, एमसीबी, गळती दिसताच तोडणारा आरसीसीबी, चार्जर 3.3 किलोवॅटचेच, आणि एकूण भार 30 किलोवॅटच्या वर गेला की आपोआप थांबवणारं यंत्र.

आणि खर्च कोणाचा, हा खरा प्रश्न. पहिल्या मजल्यावरच्यांनी लिफ्टचे पैसे का द्यावेत, हा वाद आपण सात वर्षं घातलेला आहे, तो पुन्हा नको. माझा प्रस्ताव: युनिटांचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत. केबल आणि पॅनेलबोर्ड सोसायटीचा, कारण उद्या फ्लॅट विकताना ती सोय सगळ्यांच्याच कामी येईल. चार्जर ज्याचा त्याने घ्यावा. ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांच्यावर मासिक मेंटेनन्समध्ये एक रुपयाही चढू नये, हे ठरावात लिहून घ्यावं. माझ्याकडेही गाडी नाही, म्हणून हे जरा ठासून सांगतो.

सुरक्षारक्षकांच्या केबिनमध्ये एक वही ठेवली आहे. कोणतं वाहन आहे किंवा घ्यायचं आहे, रोज किती किलोमीटर होतात आणि दुपारी ते आवारात उभं असतं का, एवढंच सभेच्या आधी लिहून द्या. त्यावरून केबलची जाडी ठरेल. काही शंका असतील तर आता विचारा, नाहीतर मी संध्याकाळी कट्ट्यावर असतोच.