जांबवंताचा शोध



किष्किंधाकांडाच्या अखेरीचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. शंभर योजने समुद्र ओलांडायचा आहे. एकेक वानरवीर आपल्या उडीची मर्यादा सांगतो. वृद्ध जांबवंत नव्वद योजनांपर्यंत येतो. अंगद पैलतीराची ग्वाही देतो, परतण्याची देत नाही. आणि ज्याच्या ठायी ते सामर्थ्य आहे तो हनुमान एका बाजूस मुकाट बसलेला आहे. जांबवंत त्याला भित्रा म्हणत नाही, 'ऊठ, सोपे आहे' असेही सांगत नाही. त्याच्या वतीने स्वतः उडी मारत नाही. तो हनुमानाला त्याच्याच जन्माची हकीकत ऐकवतो.

असा मुकाट बसलेला तरुण आज अनेक घरांत आहे. दहावीला उत्तम गुण, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी अपयश, मग शाखेवर येणे बंद, मित्रांचे फोन उचलणे बंद. 'माझ्यात काही दमच नाही,' एवढेच तो आईजवळ बोलतो. काका सूर्यनमस्कार सुचवतात, एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता खांद्यावर हात ठेवून 'मन घट्ट कर' म्हणतो. हेतू निर्मळच असतो. परंतु ज्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला आहे, त्याला हे वाक्य आणखी एका नापासाच्या शेऱ्यासारखे ऐकू येते. व्यायाम आणि मित्रांचा सहवास यांचे मोल मोठेच आहे. पण ते उपचारांच्या जोडीला हवेत, उपचारांच्या जागी नव्हेत.

न्यूनगंडाची कल्पना व्हिएन्नाच्या आल्फ्रेड अॅडलर यांनी रूढ केली. पुढे अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. त्यांचे म्हणणे असे की, कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. 'परीक्षेत नापास झालो' हे सत्य; 'म्हणून मी नालायक' हा अविवेक. गंमत म्हणजे आत्मप्रौढीसुद्धा त्यांना मान्य नाही, कारण आज यशामुळे स्वतःला थोर मानणारा उद्या अपयशाने स्वतःला क्षुद्र ठरवणारच. हे सारे पाश्चात्त्य खूळ म्हणून झटकणाऱ्यांनी गीतेचा पहिला अध्याय आठवावा. त्याचे नावच अर्जुनविषादयोग आहे, आणि विषादग्रस्त अर्जुनाशी संवाद करायला पुढचे सतरा अध्याय खर्ची पडले आहेत! एलिस यांचा विचार कि. मो. फडके यांनी मराठीत आणला. १९९०पासून ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेनेही मनआरोग्याचे काम चालवले आहे.

प्रश्न उरतो तो योग्य माणूस ओळखण्याचा. येथे फसगत होते, कारण 'समुपदेशक' अशी पाटी कोणीही लावू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतो व औषधे देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ संवादातून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. शिक्षण, नोंदणी, पद्धत, शुल्क हे विचारण्यात संकोच कसला? घराला रंग द्यायचा तर दहा ठिकाणी चौकशी होतेच. मनातले ज्या भाषेत बोलता येते, त्या भाषेत बोलणारा शोधावा. तीन-चार भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर दुसऱ्याकडे जावे. त्यात कृतघ्नता नाही. खात्रीने बरे करण्याची हमी देणाऱ्यापासून मात्र दूर राहावे.

झोप व भूक उडाली असेल, मरणाचे विचार बोलण्यात येत असतील, तर वाट पाहू नये, त्याला एकटे सोडू नये, थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. २०२२पासून केंद्र शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य चालते. मराठीतही बोलता येते.

'लोक काय म्हणतील' ही भीती घरोघरी आहे. उपचारांबाबत गोपनीयता राखली जाण्याचा अधिकार २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिला आहे. सज्ञान मुलाच्या बाबतीत तो आईवडिलांनीही पाळायचा आहे. दवाखान्याच्या दारापर्यंत वडिलांनी जरूर सोबत जावे. आत त्याला एकट्याला जाऊ द्यावे, आणि परतताना 'काय विचारले?' असे विचारू नये.