शेरा स्वभावावर नको, कामावर हवा

‘निष्काळजी आहे’ हा सहकाऱ्यांचा शेरा एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी स्थिती, असलेल्या माणसाच्या जिव्हारी लागतो, पण त्यातून काम मात्र सुधारत नाही. काय करायचं हे त्याला बहुधा ठाऊक असतं. वेळेचा अंदाज घेणं, सूचना लक्षात ठेवणं, कंटाळवाण्या कामाला हात घालणं, इथे घोडं अडतं. लहानपणापासून ‘आळशी’ ऐकत आलेल्याला मग साध्या दुरुस्तीतही तोच निकाल ऐकू येतो. ‘विसरत कोण नाही? ही सबब आहे,’ असं कुणी म्हणेल. पण लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून, एकाहून अधिक ठिकाणी आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणणारी असली, तरच निदान होतं.

सहकाऱ्याचा त्रासही खराच आहे. रखडलेल्या कामाचा भार त्याच्यावर पडतो. म्हणून एडीएचडी असलेल्याने टीका झिडकारू नये, ती नेमकी करून मागावी: काय चुकलं, काय हवं, कधीपर्यंत, शक्यतो लेखी. नुसत्या कौतुकाने आत्मशंका जाईल, असं मला वाटत नाही; त्यासाठी कौशल्यंही शिकावी लागतात. २०१० साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एडीएचडी असलेल्या ८६ प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. औषधं घेऊनही त्यांचा त्रास उरला होता. ज्यांना कामाची आखणी आणि स्वतःविषयीचे टोकाचे विचार तपासणं शिकवलं, त्यांची लक्षणं इतरांपेक्षा अधिक कमी झाली. निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावं. प्राथमिक सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.